राहीबाईची अर्धी साक्ष

राहीबाईनं पोटच्या पोराविरुद्ध साताऱ्याच्या कोर्टात साक्ष दिली, एवढंच लोक बोलतात. ती साक्ष तिनं खरं तर कशासाठी दिली हे कुणी सांगत नाही. ते सांगायचं तर लालासाहेबाचं नाव घ्यावं लागतं, आणि त्या भागात ते नाव जपून घेतात.

कोळदरा हे आटपाडीच्या पूर्वेचं गाव. माळ, बाभळी, मेंढरं, आणि पाऊस झाला तर बाजरी. राहीबाई तिथं लग्न होऊन आली तेव्हा परकर नेसायच्या वयाची होती. तिचा नवरा गुंडा विहिरीच्या कामावर सुरुंग लावायचा. एक सुरुंग उडाला नाही म्हणून तो बघायला खाली उतरला आणि तेव्हाच सुरुंग उडाला, गुंडा गेला. तिचा पोरगा आकाराम त्या वेळी अंगावर पीत होता. राहीबाईनं दुसऱ्याच्या रानात खुरपलं, चार शेरडं पाळली आणि पोर वाढवलं.

गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, चांदसाहेब पिंजाऱ्याचं घर होतं. गावात मुसलमानाचं ते एवढंच घर. लग्नसराई आली की आसपासच्या गावांतून गाद्या भरायला त्याच्याकडं माणसं यायची आणि त्याच्या पिंजणीचा आवाज दिवसभर वर गावापर्यंत ऐकू यायचा. चांदसाहेब उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. भुवयांना कायम कापूस चिकटलेला. त्याची बायको अख्तरबी मात्र बोलकी होती. राहीबाई कामाला निघाली की आकारामला तिच्यापाशी सोडून जायची. संध्याकाळी न्यायला आली की पोरगं पिंजलेल्या कापसाच्या ढिगात झोपलेलं असायचं आणि अख्तरबीची लेक नूरजहां त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत बसलेली असायची.

आकाराम मोठा झाला तो पलटणीत गेला. लढाई चालू होती, भरती जोरात होती. इटलीत जाऊन आला. लढाई संपल्यावर जादा झालेली माणसं घरी पाठवली, त्यांत तोही परत आला. गावात त्याला करायला काही नव्हतं. बूट घालून चावडीपर्यंत जायचा, बसायचा, परत यायचा. सकाळी उठल्यावर आज काय करायचं हे कुणीतरी सांगावं, अशी त्याला सवय लागली होती, आणि ते सांगणारं आता कुणी नव्हतं.

लालासाहेब गावातल्या मोठ्या घरातला. सांगलीला राहून मॅट्रिकपर्यंत शिकला होता, बेचाळीसच्या चळवळीत काही महिने तुरुंगातही जाऊन आला होता. गावात पटकीची साथ आली तेव्हा घरोघर फिरून त्यानं औषध वाटलं होतं. तो वाईट माणूस आहे असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर गावानं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, माणसं पळून यायला लागली. रझाकारांनी गावं लुटली, घरं जाळली, बायका ओढून नेल्या, अशा हकिगती सोलापुराकडून यायच्या. लालासाहेब गाडीभर बाजरी घेऊन निर्वासितांच्या छावणीवर गेला. परत आल्यावर त्यानं देवळापुढं गाव जमवलं आणि तिथं जे बघितलं, ऐकलं ते सांगितलं. त्या दिवशी त्यानं सांगितलेलं सगळं खरं होतं. सांगताना तो रडला, तेही खरं होतं. राहीबाईही ऐकून रडली. चांदसाहेबही मागं उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन गाद्या बांधून छावणीसाठी लालासाहेबाच्या घरी नेऊन दिल्या.

पण गाव इतकं गप्प होऊन आपलं बोलणं ऐकतं, हे लालासाहेबानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग तो वरचेवर बोलायला लागला. छावणीतल्या गोष्टी संपल्यावर ऐकीव गोष्टी आल्या. त्याही संपल्यावर तो म्हणायला लागला की हे सगळं लांब मोगलाईतच चाललंय असं समजू नका. सापाची पिल्लं सगळीकडं असतात. पिंजारी कापूस आणायला सोलापुराकडं का जातो? कापूस काय इकडं मिळत नाही? गठ्ठ्यातून काय येतं हे कुणी उकलून बघितलंय का?

राहीबाई बायकांत बसली होती. ती तिथल्या तिथं म्हणाली, "म्या त्येच्या घरात रोज जाते, लालासाहेब. गठ्ठ्यात कापूसच हाय."

काही माणसं हसली. लालासाहेबही हसला. तो तिच्यावर ओरडला असता तर कदाचित चार माणसं तिच्या बाजूनं बोलली असती. तो मायेनं म्हणाला, "मावशी, तुम्ही मनानं चांगल्या आहात. तिकडच्या बायकाही अशाच चांगल्या होत्या."

राहीबाई पदर सावरून उठली आणि घरी गेली. त्यानंतर ती देवळाकडं गेली नाही. आकाराम मात्र रोज जायचा. घरी येऊन जेवताना तेच शब्द बोलायचा. चांदसाहेबाच्या गठ्ठ्यात तलवारी आहेत, असं त्यानं आईला एकदा सांगितलं.

"तू बघितल्यास?"

"बघायला कशाला पायजे? लालासाहेब काय खोटं बोलतील?"

"तू त्या कापसात लोळून मोठा झालास रं."

"तवाची गोष्ट येगळी हुती," आकाराम म्हणाला आणि हात धुवून उठला.

अख्तरबीला सगळं कळत होतं. वाण्याकडं गेल्यावर बाया बाजूला सरकायच्या. तिनं नवऱ्याला म्हटलं, आपण मिरजेला शमशेरकडं जाऊन राहू. शमशेर तिचा भाऊ. चांदसाहेब म्हणाला, दसऱ्यापर्यंत काम घेतलंय, लोकांच्या गाद्या अर्ध्या टाकून कसं जायचं? गाव आपलं आहे, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लालासाहेब पुन्हा बोलायला उभा राहिला. सण असल्यामुळं गर्दी होती. राहीबाई त्या दिवशी देवळात प्रसादाला आली होती, म्हणून तिनं ते ऐकलं. त्या दिवशी त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"मी कुणाला काही करा म्हणत नाही," तो म्हणाला. "मी कोण सांगणारा? मी फक्त विचारतो. घरात साप निघाला तर तो चावेपर्यंत तुम्ही वाट बघता का? पलीकडच्या गावांनीही म्हटलं होतं, हा आमचा शेजारी आहे, ह्यानं आमची पोरं खेळवलीत. त्या गावांची राख मी बघून आलोय. तुमच्यात पलटणीत जाऊन आलेली माणसं आहेत. त्यांना मी काय शिकवणार?"

एवढं बोलून त्यानं आकारामकडं बघितलं. मग सायकलवर बसला आणि आटपाडीला काम आहे म्हणून निघून गेला.

माणसं लगेच उठली नाहीत. थोडा वेळ कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, गठ्ठे उकलून तर बघू. आठदहा जण ओढ्याकडं चालायला लागले. त्यांच्या पुढं आकाराम होता. राहीबाई मागून निघाली. वयामुळं तिला पळवत नव्हतं. ती ओढ्याच्या उतारावर आली तेव्हा माणसं चांदसाहेबाच्या दारात पोचली होती. आतून पिंजणीचा आवाज येत होता. तो थांबला. चांदसाहेब दारात आला, माणसं बघून आत वळला, आणि त्यानं दार ओढून घेतलं. तो का वळला कुणास ठाऊक. घाबरला असेल. पण कुणीतरी म्हणालं, "तलवार आणाया गेला." तेवढ्यावर आकाराम पुढं झाला आणि त्यानं दाराला बाहेरून कडी घातली. बनुबाईचा जोतिबा आणि नाथाजी कोष्टी, दोघांनी पडवीतल्या डब्यातलं रॉकेल वळचणीवर ओतलं. काडी कुणी लावली ते राहीबाईला दिसलं नाही.

घरात पिंजलेला कापूस छतापर्यंत रचलेला होता. पेटायला वेळ लागला नाही.

राहीबाई माणसांतून वाट काढत दारापर्यंत गेली आणि तिनं कडीला हात घातला. लोखंड तापलं होतं. तिचा तळहात कडीला चिकटला. आतून चांदसाहेब दार वाजवत होता. तो हाका मारत होता ती नावं गावातल्या माणसांची होती. त्यानं आकारामचंही नाव घेतलं. कडी निघेना, तेवढ्यात आकारामनं आईला मागून कवेत धरलं आणि उचलून लांब नेलं.

"सोड," ती म्हणत होती. "आरं, त्यो तुला हाका मारतोय."

आकारामनं तिला सोडलं नाही. थोड्या वेळानं आतला आवाज थांबला.

अख्तरबी आणि नूरजहां ओढ्याच्या वरच्या डोहावर धुणं धूत होत्या. धूर बघून त्या धावत आल्या. तोवर छप्पर खाली आलं होतं. संध्याकाळी माणसांनी राख उकरली. त्यात पिंजणीचा लोखंडी सांगाडा सापडला, दोन पातेली सापडली. तलवार सापडली नाही. ती कुणी फार शोधलीही नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला. गावात सगळ्यांचं उत्तर एकच होतं, आम्ही रानात होतो. फौजदारानं संशयावरून सहा जणांना धरलं, त्यांत आकाराम, जोतिबा आणि नाथाजी होते. राहीबाईच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. फौजदारानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, चुलीवर भाजलं.

चार दिवसांनी लालासाहेब तिच्या दारात आला. सहाही जणांसाठी त्यानं साताऱ्याचा वकील ठरवला होता. घराघरात जाऊन तो आयांना धीर देत होता आणि आया त्याच्या पाया पडत होत्या.

"मावशी, आकारामची काळजी करू नका," तो म्हणाला. "कुणी काही बघितलेलं नाही. केस उभीच राहायची नाही."

"तुमी तवा कुटं हुता?" राहीबाईनं विचारलं.

"मी आटपाडीत होतो. सगळ्या जगाला माहीत आहे."

"व्हय," राहीबाई म्हणाली. "सायकल म्या बघितली."

तो गेल्यावर तिच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. तिचं पोरगं कोठडीत होतं, चांदसाहेब मातीत होता, आणि ज्याच्या बोलण्यावरून हे झालं तोच सगळ्यांचा आधार होऊन घराघरातून हिंडत होता.

ती आटपाडीला चालत गेली आणि कोठडीच्या गजांतून आकारामला भेटली. त्याची दाढी वाढली होती. ती आल्याबरोबर तो म्हणाला, "आई, कायबी बोलू नगं. वकील म्हनलाय, कुणी बोललं न्हाई तर सुटतूय."

"कडी का घातलीस?"

तो गजावरचा गंज नखानं खरवडायला लागला.

"मला सांग. मी तुजी आई हाय."

"मला वाटलं त्यो तलवार घिऊन भाईर येनार. मला वाटलं गाव वाचवायचं काम माझ्याकडं दिलंय."

"कुणी दिलं?"

"कुणी दिलं म्हंजी..." आकाराम थांबला. "हुकूम कुणीच दिला न्हाई गं. पर मला हुकमावानी ऐकू आलं."

तिथून ती मिरजेला गेली. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीच्या गावाला गेली. अख्तरबी लेकीला घेऊन भावाकडं राहायला गेली होती, म्हणून शमशेरचं घर विचारत विचारत शोधलं. अख्तरबी दारात आली, पण तिनं राहीबाईला आत बोलावलं नाही.

"कशाला आलीस?"

"म्या बघितलंय सगळं. कडी आकारामनं घातली."

अख्तरबीनं डोळे मिटले. तिला हे ठाऊक नसावं. मागं नूरजहां भिंतीला टेकून उभी होती.

"हे मला सांगून काय करू मी?" अख्तरबी म्हणाली. "मला सांगून तुझं मन हलकं हुईल. माझं काय? तिकडं जा. जिथं सांगायचं तिथं सांग. आन परत हितं येऊ नको."

तिनं दार लावून घेतलं. राहीबाई परतीच्या वाटेला कोळदऱ्याला गेलीच नाही. आटपाडीत उतरून सरळ फौजदारापुढं उभी राहिली आणि सगळं सांगितलं. देवळापुढचं आधी सांगितलं, ओढ्यावरचं नंतर. तिच्या जबानीवरून लालासाहेबालाही अटक झाली. तो जामिनावर लगेच बाहेर आला.

खटला पुढच्या वर्षी साताऱ्याला उभा राहिला. साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांनी राहीबाईला बोलावून घेतलं. ते उतारवयाचे, नीट समजावून सांगणारे गृहस्थ होते.

"बाई, एक गोष्ट नीट ऐका," ते म्हणाले. "चिथावणी देणाराही गुन्हेगार असतो, हे कायद्यात आहे. पण लालासाहेबांनी काय म्हटलं ते सांगायला तुमच्याशिवाय एकही माणूस तयार नाही. आणि तुम्ही आहात आरोपीची आई. तुम्ही लालासाहेबांबद्दलच बोललात, तर कोर्ट म्हणेल, ही बाई मुलाचा दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालते आहे."

"मग?"

"मुलाबद्दलचंही सगळं सांगितलंत, तरच तुमच्यावर विश्वास बसेल. पण पोलिसांपुढची जबानी कोर्टात पुरावा होत नाही, आणि मुलाविरुद्ध दुसरा धड पुरावा नाही. तुम्ही गप्प राहिलात तर तो बहुतेक सुटेल. बोललात तर फाशीसुद्धा होऊ शकते. मी तुम्हाला बोला म्हणत नाही. तुम्ही आई आहात."

राहीबाईनं विचारलं, "त्यो सुटला तर लालासाहेब बी सुटनार?"

"हो."

"आन मग त्यो परत बोलनार."

वकिलांनी समोरचे कागद गोळा करून बांधले.

दुसऱ्या दिवशी तिला पिंजऱ्यात उभं केलं. आरोपींच्या बाकावर आकाराम दुसरा होता. लालासाहेब शेवटी, थोडं अंतर सोडून बसला होता. अंगावर स्वच्छ खादी. राहीबाईनं शपथ घेतली आणि सांगायला लागली. कडीपाशी आली तेव्हा न्यायाधीशांनी तिला थांबवलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या या बोलण्याचा परिणाम तुमच्या मुलावर काय होऊ शकतो, हे तुम्हाला कळतं ना?"

"कळतंय, साहेब."

"तरी सांगायचं आहे?"

"त्येनं कडी घातली. म्या बघितली. न्हाई बघितली असं कसं म्हनू?"

आकारामनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि मग शेवटपर्यंत बघितलं नाही.

मग लालासाहेबाचा वकील उठला. मोठा नावाजलेला वकील होता. तो अगदी सौम्यपणे विचारत होता.

"माझ्या अशिलानं 'जाळा' हा शब्द उच्चारला?"

"न्हाई."

"'मारा' म्हणाले?"

"न्हाई."

"त्या दिवशी चांदसाहेबाचं नाव घेतलं?"

"आदी घेतलं हुतं. त्या दिवशी घ्यायची गरज न्हवती."

"विचारलं तेवढंच सांगा. त्या दिवशी घेतलं?"

"न्हाई."

"आग लागली तेव्हा ते गावात होते?"

"न्हाई. आदीच गेलं."

"म्हणजे त्यांनी फक्त निर्वासितांची दुःखं सांगितली. तुमचा मुलगा वेडा आहे का, बाई? लहान आहे?"

"न्हाई."

"मग त्यानं जे केलं ते आपल्या अकलेनं केलं."

"केलं," राहीबाई म्हणाली. "त्येची शिक्षा त्येला द्या. म्या कुटं न्हाई म्हंते? पर गोकुळाष्टमीच्या आदी त्यो पावसुळाभर घरात हुता, साहेब. चांदभाऊचं घर बी तितंच हुतं. कडी बी तितंच हुती. मग आदी का न्हाई घातली?"

वकिलानं न्यायाधीशांकडं वळून सांगितलं की साक्षीदार प्रश्नाला उत्तर देत नाही. न्यायाधीशांनी मान हलवली, पण तिचं बोलणं लिहून घेतलं.

निकालात आकारामला जन्मठेप झाली. जोतिबा आणि नाथाजीला सात सात वर्षं. बाकीचे तिघं पुराव्याअभावी सुटले. लालासाहेबाला चिथावणीबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा ऐकताना त्याच्या तोंडावर आश्चर्य होतं. आपण काही केलं असं त्याला त्या क्षणापर्यंत वाटतच नव्हतं, असं सरकारी वकील नंतर म्हणाले.

राहीबाई कोळदऱ्याला परतली. तिच्या शेरडांना कुणी रान देईना. पाणवठ्यावर बाया तिची घागर बाजूला सारायच्या. हे तिनं सोसलं. पण एके दिवशी बनुबाई, जोतिबाची आई, तिच्या दारात येऊन उभी राहिली. दोघी एकाच वर्षी गावात नांदायला आल्या होत्या.

"तुजा तू दिलास," बनुबाई म्हणाली. "माजा का दिलास?"

बनुबाई रडत नव्हती, भांडतही नव्हती. उत्तराची वाट बघत उभी राहिली आणि मग निघून गेली. त्या महिन्यात राहीबाईनं शेरडं विकली आणि ती आटपाडीला येऊन राहिली. तिथं ती लोकांची धुणीभांडी करायची.

दिवाळीच्या सुमाराला मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल आला. सरकारी वकिलांनी माणूस पाठवून तिला तो कळवला. आकारामची शिक्षा कायम झाली होती. स्वतःच्या मुलाविरुद्ध आई खोटं बोलणार नाही, म्हणून ती साक्ष पूर्ण विश्वासाची धरली होती. लालासाहेब सुटला होता. त्याच्याबद्दल बोलताना मात्र मुलाचा दोष वाटून टाकण्यात आईचा स्वार्थ असू शकतो, दुसऱ्या कुणाचा दुजोरा नाही, आणि भाषणात कुठलंही कृत्य करायला सांगितलेलं नाही, असं हायकोर्टाचं म्हणणं पडलं.

तिनं ते दोनदा समजावून घेतलं. "म्हंजी एका तोंडानं बोललेलं अर्धं खरं आन अर्धं खोटं?" तिनं विचारलं.

"खोटं नाही म्हणाले, मावशी," आलेला माणूस म्हणाला. "सिद्ध झालं नाही म्हणाले."

लालासाहेबाची आटपाडीतून मिरवणूक निघाली. लेझीम होती, हार होते. ज्या घरी राहीबाई भांडी घासत होती त्याच घरावरून मिरवणूक गेली.

येरवड्याला ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा आकारामनं भेटायला नकार दिला. तिसऱ्या खेपेला आला. कैद्याच्या कपड्यांत तो पलटणीतल्यासारखाच ताठ उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "त्येला सोडला म्हनं?"

"सोडला."

"बोलतूय का अजून?"

"बोलतोय. आता इलेक्शनचं बोलतोय. मदी मदी जुनं बी काढतोय."

आकाराम गजाला धरून उभा राहिला. "हितं माझ्याबरुबर एक मुलानी हाय, सोलापूरचा," तो म्हणाला. "त्येच्या गावात बी असाच एक बोलनारा हुता म्हनं. त्येच्या जातीचा. मोगलाईतनं यायचा. त्येनं बी साप म्हनलं हुतं. आपल्या लोकांस्नी म्हनलं हुतं, आई. शब्द बी त्योच."



"तू साक्ष दिलीस ते मी माफ केलं न्हाई," तो म्हणाला. "ते मला जमंना. पर चांदचाचा हाका मारीत हुता ते तू कोर्टात सांगितलंस, ते बरं केलंस. माझ्या तोंडातनं ते कवाच निघालं नसतं."

भेटीची वेळ संपली आणि शिपायानं त्याला आत नेलं.

एकोणपन्नास साल संपता संपता आटपाडीच्या बाजारात लालासाहेबाची सभा होती. राहीबाई काम आटोपून गेली आणि सगळ्यांत पुढं, फळ्यांच्या व्यासपीठाला लागून बसली. तो शेती आणि पाण्याबद्दल बोलला तोवर ती गप्प होती. मग त्याचा आवाज खाली आला आणि तो म्हणाला, आपल्यात अजून कोण कोण आहे हे आपण विसरता कामा नये. तेव्हा ती उठली. लोकांकडं तोंड केलं.

"ह्यो आता साप म्हननार हाय," ती म्हणाली. "मग म्हननार, मी कुणाला काय करा म्हनत न्हाई. मग सायकलवर बसून जानार. तवा माजा ल्योक उटला आन त्येनं माणूस जाळला. माजा ल्योक येरवड्यात हाय. ज्येला आपलं पोरगं तितं धाडायचं आसंल त्येनं बसावं."

दोघा कार्यकर्त्यांनी तिला दंडाला धरून बाजूला नेलं. ती भांडली नाही. सभा पुढं चालू राहिली. बहुतेक लोक बसूनच होते, काही जण तिला हसलेही. बायकांच्या बाजूनं मात्र चारपाच जणी उठल्या, पुरुषांत बसलेल्या आपापल्या पोरांना त्यांनी हाका मारून बोलावलं आणि त्यांना घेऊन त्या घरी गेल्या.

पुढच्या बाजाराला खरसुंडीला त्याची सभा होती. राहीबाई पहाटेच चालत निघाली.